फवारणीचं औषध: मूळ बाटली सोडू नका

कपाशी-सोयाबीनच्या फवारण्या सुरू झाल्या की दरवर्षी तेच प्रश्न येतात. गेल्या साली ज्यांना उत्तर दिलं ते शेतकरीही पुन्हा विचारतात, म्हणून एकदाच लिहितो.

प्रश्न : पंपात उरलेलं द्रावण दुसऱ्या दिवशी मारलं तर चालेल का?
नाही. लागेल तेवढंच कालवा.

प्रश्न : तणनाशक आणि कीटकनाशक एकाच पेटीत ठेवतो. काही बिघडतं का?
बिघडतं. २,४-डी या तणनाशकाची वाफ शेजारच्या औषधाला, बियाण्याला बाधते आणि कपाशी त्याला फार हळवी. तणनाशकाचा पंपसुद्धा वेगळा ठेवा. पेटीला कुलूप लावा. त्या खोलीत धान्य, ढेप, बियाणं ठेवू नका. भुकटी वरच्या फळीवर, पातळ औषध खाली, म्हणजे गळलं तरी भुकटी भिजणार नाही.

प्रश्न : मुदत संपलेलं औषध दुकानदार निम्म्या दरात देतो. "अजून सहा महिने काम करतं" म्हणतो.
मग त्याला बॅच नंबर आणि अंतिम तारीख टाकून पक्कं बिल मागा. तो देणार नाही, कारण मुदतबाह्य औषध विकताच येत नाही. पंचायत समितीच्या कृषी अधिकाऱ्यांकडे तक्रार करा. तुमच्याच घरी असं औषध पडून असेल तर नाल्यात ओतू नका. त्याचं काय करायचं तेही त्यांनाच विचारा.

प्रश्न : लिटरचा डबा दोघांत घेतला. माझा वाटा थंड पेयाच्या बाटलीत आणला, वर चिठ्ठी चिकटवली. एवढं पुरेल ना?
नाही पुरणार. चिठ्ठी ओल्या हातानं निघते, शाई पुसते आणि घरातल्या चार वर्षांच्या पोराला वाचता येत नाही. त्याला बाटली तेवढी ओळखता येते. दारूच्या क्वार्टरमध्ये ओतणारेही आहेत. रात्री अंधारात ती कोणाच्या हाती लागेल, विचार करा. आपण विषाला 'औषध' म्हणतो, तिथूनच घोळ सुरू होतो.

दुसरी गोष्ट दवाखान्यातली. डॉक्टर आधी विचारतात, काय प्यायलं? मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक असेल तर उतारा म्हणून अ‍ॅट्रोपिन देता येतं. पॅराक्वाट या तणनाशकाला उताराच नाही. त्याच्या डब्यावर सर्वांत जहाल विषाचा लाल नाही, पिवळा त्रिकोण असतो, म्हणून "पिवळं तेवढं जहाल नाही" हे पारावरचं ज्ञान पारावरच ठेवा. घटकाचं नाव आणि विषबाधेवरचे उपाय मूळ लेबलावर छापलेले असतात. ते लेबल शेजाऱ्याच्या घरी राहिलं, तर डॉक्टरांनी अंदाजावर उपचार करायचे का? वाटून घेऊच नका. लहान पॅकिंग मिळतं, दोन पैसे जास्त जातील. आणलेलं आजच मूळ डब्यात परत ओता, ती बाटली धुऊनही वापरू नका.

कोणी प्यायलंच तर मिठाचं पाणी पाजून ओकारी काढायच्या भानगडीत पडू नका. १०८ लावा, मूळ डबा सोबत न्या. "थोडा वेळ बघू" म्हणत घरी थांबू नका.

प्रश्न : धान्याच्या कोठीत सल्फासच्या किती गोळ्या टाकाव्यात?
एकही नाही. ओल लागली की फॉस्फिन हा विषारी वायू सुटतो आणि कोठीशेजारी तुमची माणसं झोपतात. ही गोळी सर्वसामान्यांना विकायला परवानगीच नाही. किडीसाठी काय करायचं ते जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात विचारा, मात्रा मी सांगणार नाही.