वाचकांचे प्रश्न : घरदुरुस्तीच्या कामांना कोणता परवाना लागतो?

प्रश्न : मी बेळगाव शहरात आणि आसपासच्या गावांत नळ, वीज, दारे-खिडक्या, रंगकाम अशी दुरुस्तीची किरकोळ कामे करतो. वायरमनचा परवाना मी कोल्हापूरला असताना महाराष्ट्रातून काढला होता. आता शहापुरात गाळा भाड्याने घेऊन दोन मदतनीस ठेवण्याचा विचार आहे. चंदगड तालुक्यातूनही कामे येतात. या सर्वांसाठी एकच परवाना पुरेल का?
— एक वाचक, शहापूर

उत्तर : सर्व प्रकारच्या घरदुरुस्तीला मिळून चालणारा एकच परवाना कर्नाटकात नाही. गाळा, मदतनीस आणि कर यांच्या नोंदी वेगवेगळ्या असून त्या फारशा अवघड नाहीत. खरी अडचण विजेच्या कामांत आहे, म्हणून आधी त्यांविषयी लिहितो.

केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षाविषयक विनियमांनुसार ग्राहकाच्या जागेतील वायरिंगचे काम, मग ते नवे असो वा दुरुस्तीचे, राज्य शासनाचा परवाना असलेल्या विद्युत ठेकेदारामार्फत, सक्षमता प्रमाणपत्र असलेल्या व्यक्तीच्या देखरेखीखाली आणि परवानाधारक वायरमनकडूनच व्हावे लागते. दिवा, पंखा, फ्यूज, बटण किंवा २५० व्होल्टपर्यंतचे घरगुती उपकरण बदलण्याला यातून सूट आहे. मात्र त्यामुळे मूळ जोडणीची क्षमता किंवा स्वरूप बदलता कामा नये. जुना पंखा उतरवून तसाच नवा बसवणे या सवलतीत बसते. एसीसाठी बोर्डापासून नवी लाइन ओढणे बसत नाही. ‘घरमालकानेच सांगितले होते’ हा बचाव अपघातानंतर उपयोगी पडत नाही. शिवाय वायरमनचा परवाना ठेकेदाराच्या परवान्याची जागा घेऊ शकत नाही, त्यामुळे अशी कामे तुम्हाला स्वतंत्रपणे अंगावर घेता येणार नाहीत.

तुमचा परवाना महाराष्ट्राचा असल्याने आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. असा परवाना त्या-त्या राज्य शासनाने दिलेला किंवा मान्य केलेला असावा लागतो. तेव्हा बेळगावात काम करण्यापूर्वी कर्नाटकच्या विद्युत निरीक्षणालयाकडून मान्यतेविषयी लेखी उत्तर घ्यावे. हेस्कॉम या वीज वितरण कंपनीच्या कर्मचाऱ्याच्या तोंडी होकारावर विसंबू नये.

गाळ्यासाठी महानगरपालिकेचा व्यापार परवाना घ्यावा. मदतनीस ठेवणार असल्याने कर्नाटक दुकाने व वाणिज्य आस्थापना अधिनियम, १९६१ खाली, दुकान सुरू झाल्यापासून ३० दिवसांच्या आत, कामगार खात्याकडे नोंदणी करावी. व्यवसाय कराचीही नोंद लागते. तो वर्षाला २,५०० रुपयांपेक्षा अधिक नसतो.

दुकानाच्या फलकाबाबत, राज्याच्या कन्नड भाषाविषयक कायद्यात २०२४ मध्ये झालेल्या दुरुस्तीनंतर, नियम स्पष्ट आहे : ६० टक्के भाग कन्नडमध्ये आणि तोही फलकाच्या वरच्या अर्ध्या भागात हवा. खालच्या जागेत मराठी लिहिता येते. आपल्या भागात हा विषय किती नाजूक आहे हे सांगायला नको. तरीही रंगाऱ्याला हे माप आधीच दिलेले बरे.

चंदगडमधील घराची दुरुस्ती ही जीएसटीच्या दृष्टीने आंतरराज्य सेवा ठरते, कारण ती वास्तू महाराष्ट्रात आहे. तरीही एकूण वार्षिक उलाढाल २० लाख रुपयांच्या आत असेपर्यंत केवळ सेवा देणाऱ्याला, ती परराज्यात दिली म्हणून, नोंदणीची सक्ती नाही. मालाचे तसे नाही. दुरुस्तीचे काम न करता नुसते नळ आणि पाइप तिकडच्या गिऱ्हाइकाला बिल करून पोहोचवले, तर उलाढाल कितीही लहान असली तरी नोंदणी करावी लागते.

नळ बदलण्यासाठी वेगळी परवानगी लागत नाही, पण सार्वजनिक जलवाहिनीला किंवा गटाराला नवी जोडणी देण्यासाठी संबंधित संस्थेची मंजुरी हवी. तुम्ही विचारले नाही, तरी एक सांगतो : शौचालयाची टाकी साफ करण्यासाठी मदतनिसाला पुरेशा सुरक्षा साधनांशिवाय आत उतरवणे हा हाताने मैला साफ करण्यास बंदी घालणाऱ्या २०१३ च्या कायद्याने गुन्हा असून पहिल्या वेळेसही दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. असे काम आले तर ते घेऊ नये आणि गिऱ्हाइकाला मैला उपसणारी यंत्राची गाडी मागवण्यास सांगावे.