ऑरोरा वरून बघताना

प्रश्न: स्पेस स्टेशनवरून काढलेला ऑरोराचा, म्हणजे ध्रुवाकडच्या आकाशात दिसणाऱ्या रंगीत प्रकाशाचा, व्हिडिओ नववीतल्या मुलीने दाखवला. हिरवा पडदा स्टेशनच्या खाली हलतोय आणि वर लाल झाक आहे. शाळेत सांगितलं की सूर्याचे कण ध्रुवांवर येऊन आदळतात, मग तो ध्रुवाभोवती कड्यासारखा का असतो असं ती विचारते. रंग वेगळे का? आणि आपल्याकडून कधी दिसेल का?
– एक वाचक, सांगली

उत्तर: ताई, मुलीने नेमकी जागा पकडलीय, तिला शाबासकी द्या. कण सरळ येऊन ध्रुवावर पडत असते तर जोरदार ऑरोरा दिवसाच्या बाजूला व्हायला हवा होता ना, पण तो होतो मध्यरात्रीच्या आसपास, सूर्याकडे पाठ असलेल्या बाजूला. सौरवारा, म्हणजे सूर्याकडून सतत वाहत येणारे हे कण, सेकंदाला साधारण ४०० किमी वेगाने येतो आणि पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र रात्रीच्या बाजूला लांबच लांब ओढत नेतो, त्यात ऊर्जा साठत जाते आणि एका क्षणी गलोलीचं ताणलेलं रबर सोडावं तशा त्या चुंबकीय क्षेत्राच्या रेषा तुटून परत जोडल्या जातात आणि त्या सगळ्या गडबडीत इलेक्ट्रॉन वेग घेऊन रेषांवरून खाली धावत येतात. या ताणलेल्या भागातल्या रेषा खाली जिथे उतरतात ते चुंबकीय ध्रुवाभोवतीचं कडं असतं, ध्रुव नाही. १९८१ ला सोडलेल्या नासाच्या डायनॅमिक्स एक्सप्लोरर उपग्रहाने अख्ख्या कड्याचे फोटो पाठवले होते, मुलीला जरूर दाखवा.

आता रंग, हा तर माझा सगळ्यात आवडता भाग. चमकते ती आपलीच हवा. इलेक्ट्रॉन ऑक्सिजनच्या अणूला धडकतो, अणू ती ऊर्जा प्रकाश म्हणून सोडतो, पण लगेच नाही! हिरव्या प्रकाशाला साधारण पाऊण सेकंद लागतो आणि लालला जवळजवळ दोन मिनिटं. तेवढ्या वेळात दुसरा कुठला अणू किंवा रेणू येऊन आपटला तर ऊर्जा त्यातच जाते, प्रकाश निघतच नाही. म्हणून लाल फक्त २०० किमीच्या वर, जिथे हवा इतकी विरळ की धडकायला कोणी नसतं, आणि हिरवा खाली १०० ते १५० किमीच्या पट्ट्यात. त्याच्याही खाली कधी गुलाबी-जांभळी किनार दिसते ती नायट्रोजनची. जमिनीवरून हे थर एकमेकांत मिसळतात, स्टेशन ४०० किमीवर असल्यामुळे तिथून ते आडवे, वेगवेगळे दिसतात.

स्टेशन ५१.६ अंश अक्षांशाच्या पलीकडे जातच नाही, तरी त्याला ऑरोरा सापडतो कारण दक्षिणेकडचा चुंबकीय ध्रुव ऑस्ट्रेलियाच्या बाजूला सरकलेला आहे आणि तिथे कडं बरंच जवळ येतं. एक मात्र सांगा तिला, अशा व्हिडिओत पृथ्वीच्या कडेने सगळीकडे जी बारीक हिरवट रेघ दिसते तो ऑरोरा नाही, तो एअरग्लो. दिवसा उन्हाने फुटलेले ऑक्सिजनचे अणू रात्री परत जुळतात त्याचा उजेड, तो विषुववृत्तावर पण असतो. व्हायरल फोटोंत दोघांची सर्रास गल्लत होते.

आपल्याकडून? १० मे २०२४ च्या रात्री मोठं सौरवादळ आलं तेव्हा लडाखमधल्या हानलेहून उत्तरेच्या क्षितिजावर लाल प्रकाश टिपला गेला. लालच का, तर ऑरोरा खूप लांब होता, हिरवा भाग क्षितिजाखाली राहिला आणि उंचावरचा तेवढा दिसला. महाराष्ट्रातून फारच अवघड, पण ४ फेब्रुवारी १८७२ च्या वादळात मुंबईहून ऑरोरा दिसल्याची नोंद आहे, आणि त्याआधी १८५९ च्या प्रचंड वादळात कुलाब्याच्या वेधशाळेने चुंबकीय क्षेत्राची मोठी घसरण मोजली होती, जगभरचे शास्त्रज्ञ ती नोंद आजही वापरतात. आता पृथ्वीपासून १५ लाख किमीवर सूर्याच्या दिशेला आपलं सूर्याचा अभ्यास करणारं आदित्य एल-१ यान आहे, सौरवारा आपल्याकडे पोचायच्या सुमारे तासभर आधी त्याच्यावरून जातो आणि त्यावरची सूर्याचे अतिनील फोटो काढणारी ‘सूट’ दुर्बीण पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेत तयार झाली. मुलीला इतकी गोडी आहे तर एकदा आयुकात घेऊन जाच.