केतकी स्वतःला ‘तेतती’ म्हणायची

फोनवर तिच्या आईनं एका दमात सांगून टाकलं. “मॅडम, मुलगी सव्वाचार वर्षांची आहे, तिला क येतच नाही. सगळे म्हणतात जीभ जड आहे. कापावी लागेल का?”

मी नाशिकमध्ये स्पीच थेरपिस्ट म्हणून काम करते, आणि हा प्रश्न मला आठवड्यातून एकदा तरी कुणी ना कुणी विचारतंच. अक्षर बदलतं. कधी क, कधी र, कधी श. ‘जीभ जड’ आणि ‘कापावी लागेल का’ हे दोन मात्र ठरलेले.

गुरुवारी आई, आजी आणि ती, अशा तिघी एसटीनं आल्या. मुलीचं नाव इथं केतकी ठेवते. खरं नाव वेगळं आहे, पण तेही असंच तिच्या जिभेला अडचणीत टाकणारं होतं. ती आजीच्या पदराआड उभी राहिली. आई म्हणाली, “नाव सांग मॅडमना. नीट सांग हं.” ‘नीट’ हा शब्द कानावर पडला मात्र, पोरीनं ओठ असे मिटले की पुढची वीस मिनिटं काही उघडले नाहीत.

मीही तिला काही विचारलं नाही. खेळण्यांची पेटी जमिनीवर उपडी केली आणि आईशी बोलत बसले.

हकिकत अशी. घरात तिचं बोलणं सगळ्यांना गोड वाटायचं. गाडीला ‘दाडी’, खाऊला ‘थाऊ’, घराला ‘धल’. “पप्पांच्या दाडीत बसायचं” म्हणाली की काका मुद्दाम दाढी कुरवाळून दाखवायचे आणि घरभर हशा. आजी तर तिला हाकच ‘तेतती’ अशी मारायची. जूनमध्ये ज्युनिअर केजीत घातलं. तिथं पहिल्याच आठवड्यात मुलांनी ‘तेतती, तेतती’ सुरू केलं, आणि मिसनी डायरीत लिहून पाठवलं की उच्चार स्पष्ट नाहीत, घरी सराव घ्यावा. झालं, कौतुक एका रात्रीत बंद. केळं हवंय? आधी क म्हण. वडील रात्री जेवताना दहा वेळा म्हणवून घ्यायचे. आजीनं वेखंड उगाळून जिभेला लावलं. शेजारच्या काकूंनी कुणाच्या तरी नातवाची जीभ कापल्याची गोष्ट सांगितली. कुणी म्हणालं मोबाइलनं, कुणी म्हणालं इंग्रजी शाळेनं.

“आणि आता ती केळं मागते का?” मी विचारलं.

आई थांबली. “नाही हो. ‘ते पिवळं दे’ म्हणते.”

मी वहीत सगळ्यात आधी हेच लिहिलं. क न येणं ही सव्वाचार वर्षांच्या मुलीची फार मोठी अडचण नाही. पण क असलेले शब्द हेरून ते टाळायला शिकणं, ही आहे. एवढ्या चिमुरडीनं स्वतःपुरती पळवाट शोधली होती. ती पळवाट क्रियापद, विशेषण सगळं नीट वापरून शोधली होती, म्हणजे भाषा पक्की होती. बोलण्यावरची तिची हौस तेवढी कमी होत चालली होती.

पेटीतली लाल मोटार तिच्या हाताला लागली आणि आपसूक तोंडातून निघालं, “दाडी!” मग काऊला ‘ताऊ’, मग “माझ्या पप्पांतडे मोठी दाडी आहे.” ऐकताना मला एक नियम दिसत होता. क चा त, ख चा थ, ग चा द, घ चा ध. कुठंही चूक नाही, कुठंही गोंधळ नाही. कधी त, कधी प, कधी गाळलेलं अक्षर, असं काही नव्हतं. हा आळस नव्हे. पाळलेला कायदाच म्हणा ना.

जिभेचं आधी निस्तरू म्हणून तिच्या वरच्या ओठाला बोटभर श्रीखंड लावलं. तिनं टोकानं झटकन चाटून घेतलं, उरलंय का तेही तपासलं. मग आजींना म्हटलं, “आजी, तुम्हीच त म्हणून बघा. जीभ कुठं जाते?”

“दातांपाशी.”

“आणि क?”

आजींनी दोनतीनदा क-क केलं. “इथं जाते की… मागं. टोक खालीच राहतं.”

जिभेखालचा पडदा आखूड असेल तर टोक अडेल. आणि केतकी दिवसभर त-द-थ-ध म्हणते, म्हणजे टोकाचंच काम करते. तिच्या जिभेचं टोक गरजेपेक्षा जास्त उत्साही आहे. जी गोष्ट टोकानं करायचीच नाही तीही ते करतंय. मग कापून काय साधणार? पडदा खरोखरच आखूड असलेली मुलं असतात, काहींना त्याचा दूध ओढताना त्रास होतो, तिथं डॉक्टर ठरवतील. पण क चा त होतो म्हणून जीभ कापणं म्हणजे टाच दुखते म्हणून नखं काढणं. वेखंडाचंही तेच. त्यानं जीभ चुरचुरते, जागा बदलत नाही. (आणि वर्षाच्या आतल्या बाळाला ते मधात उगाळून चाटवत असाल तर मध तरी नक्की टाळा. त्या वयात मधातून विषबाधेचा धोका असतो.)

आपली वर्णमाला यासाठी मला फार आवडते. ती तोंडाचा नकाशा आहे. कवर्ग घशाजवळ, मग च टाळूला, ट मूर्ध्याला, त दातांना, आणि पवर्ग ओठांवर. मागून पुढं. बाळं साधारण उलट्या दिशेनं येतात. मामा, बाबा, पापा आधी, कारण ओठ दिसतात. मग त-द-न. क-ग कुठं तयार होतो ते समोरच्याच्या तोंडात दिसतच नाही. त्यामुळं तीन, साडेतीन वर्षांपर्यंत क चा त करणारी मुलं पुष्कळ असतात आणि बहुतेकांचा तो आपोआप जातो. चारच्या पुढं तो तसाच राहिला तर नुसतं थांबण्यापेक्षा दाखवलेलं बरं. केतकी त्या उंबरठ्यावर होती.

आईनं बरोबर अडवलं. “पण तीन महिन्यांची असताना ‘अग्गू अग्गू’ करायची की. तेव्हा ग येत होता.”

येत होता, कारण ती पाठीवर पडून होती. जीभ आपल्या वजनानं मागं जायची आणि आवाज निघायचा. तो तिनं नेम धरून काढलेला नव्हता. मी म्हटलं, हे लक्षात ठेवा, आपल्याला पुढं उपयोगी पडणार आहे.

त्याआधी कान. आई म्हणाली, ऐकायला एकदम छान येतं, वरच्या खोलीतून टीव्हीचा आवाज आला तरी धावते. सगळेच असं म्हणतात. पण सर्दीनं कानाच्या पडद्यामागं पाणी साठलं तर मूल हाकेला ओ देतं, टीव्ही ऐकतं, आणि स-श-फ सारखे बारीक आवाज मात्र त्याला पुसट होतात. मागच्या वर्षी एक मुलगा ‘लक्षच देत नाही’ म्हणून ओरडा खात माझ्याकडं आला होता, त्याचे दोन्ही कान पाण्यानं भरलेले निघाले. म्हणून उच्चाराची तक्रार असली की कानाची तपासणी मी सोडत नाही. केतकीचे कान स्वच्छ निघाले.

इंग्रजीचं उत्तर तिनंच दिलं. चित्र दाखवल्यावर मांजराला ‘टॅट’ म्हणाली. कायदा दोन्ही भाषांना सारखाच लागू होता. दोन भाषा कानावर पडल्यानं उच्चार बिघडत नाहीत. मोबाइल कमी करा, पण तो वेगळ्या कारणासाठी.

वडील पुढच्या खेपेला आले, तेव्हा एक गंमत घडली. लाडानं म्हणाले, “काय गं तेतती?” ती फणकारली, “तेतती नाई! तेतती!” ते पुन्हा म्हणाले, “हो, तेतती.” पोरगी रडवेली झाली. पप्पा तिच्या नावाचं वाटोळं करत होते आणि ती दुरुस्त करत होती. 1960 साली जीन बर्को आणि रॉजर ब्राउन या अमेरिकन भाषाअभ्यासकांनी हेच नोंदवलं होतं. माशाला ‘फिश’ऐवजी ‘फिस’ म्हणणाऱ्या मुलाला मोठ्यांनी केलेलं ‘फिस’ मान्य नव्हतं. मुलाच्या कानात शब्द बरोबर असतो. तोंड मागं राहतं. म्हणून तिच्यासारखं बोबडं बोलून दाखवू नका, आणि “असं नाही, असं म्हण” हेही नको. तिला दोन्ही अपमानच वाटतात.

मग करायचं काय? ती “दाडी आली” म्हणाली की तुम्ही “हो की, गाडी आली, मोठी गाडी” म्हणा आणि पुढं बोला. म्हणून घ्यायचं नाही. केळं मागितलं की केळं द्यायचं. वडिलांना हे फार जड गेलं. शिकवलं नाही तर शिकणार कशी, असा त्यांचा प्रश्न होता. मी त्यांना पंधरा दिवस फक्त गप्प बसायला सांगितलं. त्यांच्यासाठी तोच गृहपाठ.

केतकीचा माझ्याकडचा गृहपाठ चटईवर. आम्ही दोघी पाठीवर झोपून पाण्याशिवाय गुळण्या करायचो, मग खोटं खोटं घोरायचो, मग खोकल्यासारखं ‘अक्’, ‘इक्’. अग्गूचीच युक्ती. क शब्दाच्या शेवटी आधी सापडतो, तसा तिलाही सापडला. नाक. एक. चाक. तिसऱ्या आठवड्यात ‘नात’चं ‘नाक’ झालं, तेव्हा तिनं स्वतःचंच नाक धरून माझ्याकडं बघितलं.

पण आवाज येणं वेगळं आणि तो का हवा हे पटणं वेगळं. त्यासाठी जोड्या लागतात. कार-तार, गार-दार, काप-ताप. घर-धर ही माझी आवडती. घराचं चित्र तिच्यासमोर ठेवलं. ती म्हणाली, “धल.” मी तिचा हात धरला. तिनं हात सोडवून चित्राकडं बोट केलं, “धल!” मी दोन्ही हातांनी धरला. ती हसली. पुन्हा “धल”, पुन्हा मी धरला. पाचव्यांदा ती हसली नाही. माझ्या तोंडाकडं टक लावून बघत राहिली, हनुवटी जराशी वर केली, आणि घशातून ओढून काढल्यासारखं म्हणाली, “घ…ल.”

मी हात सोडला आणि घराचं चित्र तिला दिलं. दारापाशी बसलेल्या आजींनी डोळ्यांना पदर लावला. मला तेवढं नाटक नको होतं, पण असो.

दर आठवड्याला येणं त्यांना सोपं नव्हतं, द्राक्षांची छाटणी सुरू होती. म्हणून दोन आठवड्यांतून एकदा यायचं आणि घरी रोज दहा मिनिटं खेळायचं, असं ठरवलं. ज्यांना एवढंही जमत नाही त्यांनी अंगणवाडीत चौकशी करावी. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013 पासून सुरू आहे, त्याचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा येतं आणि गरज वाटली तर मुलाला जिल्ह्याच्या डीईआयसी केंद्रात, म्हणजे मुलांच्या अडचणी लवकर ओळखून उपचार करणाऱ्या केंद्रात पाठवतं, मोफत. खासगीत गेलात तर समोरच्या थेरपिस्टची भारतीय पुनर्वास परिषदेकडं नोंदणी आहे का, एवढं विचारायला लाजू नका.

एक सांगायला हवं. बोबडं आणि तोतरं एक नव्हे. शब्दाच्या सुरुवातीला अडखळणं, तेच अक्षर तीनतीनदा येणं, याचा विचार निराळा. आणि बोलीला दोष मानू नका. खानदेशातल्या एका आजोबांचा नातू डोळ्याला ‘डोया’ म्हणतो म्हणून शाळेनं माझ्याकडं पाठवला होता. आजोबाही डोयाच म्हणत होते. मी दोघांना चहा पाजून परत पाठवलं. काळजी वाटावी अशा गोष्टी वेगळ्या आहेत. तीन वर्षांच्या मुलाचं बोलणं घरच्यांनाच कळत नाही, चार वर्षांच्या मुलाचं परक्याला कळत नाही, आवाज नाकातून येतो, अ-आ-इ सारखे स्वरही बदलतात, किंवा आधी येत असलेले शब्द नाहीसे होतात. यातलं काही असेल तर ‘मुलगे उशिराच बोलतात’ म्हणून बसून राहू नका.

दोन महिन्यांनी आईचा घाबरलेला फोन. “मॅडम, बिघडलं. आता ताटाला काट म्हणते. तोंडाला कोंड. काल पाहुण्यांना नाव सांगितलं केककी!”

मी फोनवर इतकी हसले की त्यांना राग आला असावा. नवा सुरा मिळाला की पोर दिसेल ते कापत सुटतं. केतकीला क मिळाला होता, ती तो सगळीकडं वापरून बघत होती. त्यात तिचं नाव म्हणजे मागं, पुढं, पुन्हा मागं अशी जिभेची कसरत. आठ-दहा दिवसांत ते बसलं.

शेवटच्या भेटीत आई म्हणाली, “क-ग झालं. आता र कधी घ्यायचा?”

मी म्हटलं, र घाईचा नाही. पाच-सहा वर्षांपर्यंत र चा ल चालतो. सहाव्या वाढदिवसापर्यंत आला नाही तर फोन करा.

निघताना आजींनी सवयीनं हात पुढं केला. “चल गं तेतती, धली जायचं ना?”

केतकी जागची हलली नाही. चपलेचा बंद लावता लावता मान वर करून म्हणाली, “धली नाही म्हणायचं आजी. घली.”