किल्ट घालून मत द्यायला जायचंय म्हणतोस

चिरंजीवास अनेक आशीर्वाद,

‘काका, मतदानाला किल्ट घालून गेलो तर चालेल का?’ एवढंच विचारलं असतंस, तर ‘चालेल की’ म्हणून फोनवरच मोकळा झालो असतो. पण त्याखाली तू आणखी दोन गोष्टी लिहिल्यास. रूममेट म्हणतो की किल्टमधला, म्हणजे स्कॉटलंडच्या त्या गुडघ्यापर्यंतच्या निऱ्यांच्या पोशाखातला, भारतीय म्हणजे बहुरूपी. आणि गावाकडच्या मावसभावानं व्हॉट्सअ‍ॅपवर ठणकावलंय की हा आपल्यावर चालून आलेल्या पलटणींचा पोशाख आहे, लाज नाही वाटत? या दोघांसाठी पत्र लिहायला बसलोय. निवांत वाच.

आधी नियमाचं संपवू. इथे स्कॉटलंडमध्ये मतदान केंद्रावर कपड्यांचा नियम नाही. निवडणुकीच्या दिवशी मी पोल क्लार्क, म्हणजे केंद्रावरचा कारकून, म्हणून बसतो, तेव्हा टेबलाच्या अलीकडून सगळे नमुने पाहून झालेत. सायकलवाल्यांच्या तंग चड्ड्या, रात्रपाळी उतरून आलेल्या नर्सचा गणवेश, पायजम्यावर चढवलेला कोट, आणि कुत्री तर विचारूच नकोस. आम्हाला तुझं नाव आणि पत्ता लागतो, काही निवडणुकांना ओळखपत्र, कपड्यांशी देणंघेणं नाही. यादीतला तुझा नंबर आणि नाव मोठ्यानं वाचायचं, त्यावर रेघ मारायची, मतपत्रिका हातात द्यायची, की पुढचा. किल्ट बघून शेजारची बाई फार तर म्हणेल, आज वारा आहे हं.

पण मला सांग, किल्टची एवढी चौकशी करतोयस, यादीत नाव घातलंस का? तुझ्या वयाची निम्मी मुलं इथेच चुकतात. त्यांना वाटतं, आपला पासपोर्ट भारतीय, आपल्याला कसलं मत. अरे, भारत राष्ट्रकुलात आहे. इथे कायदेशीर राहणाऱ्या राष्ट्रकुलातल्या नागरिकाला वेस्टमिन्स्टरच्या, म्हणजे लंडनच्या संसदेच्या, निवडणुकीतही मत आहे आणि हॉलिरूडच्या, म्हणजे इथल्या स्कॉटिश संसदेच्या, निवडणुकीतही. स्कॉटलंडनं तर २०२० च्या कायद्यानं इथे कायदेशीर राहणाऱ्या कुठल्याही देशाच्या माणसाला हॉलिरूड आणि स्थानिक कौन्सिलसाठी मताचा हक्क दिला. वयाची अटही या दोन निवडणुकांना १६ ची. विद्यार्थी व्हिसा चालतो. भारतीय नागरिकत्वाला धक्का लागत नाही, आईला तसं सांग, तिला ती काळजी असणार. नाव घालायची मुदत मतदानाच्या १२ कामकाजाच्या दिवस आधी मध्यरात्री संपते, आणि ती संपली की मग तू किल्ट घाल नाहीतर सोवळं नेस, मतपत्रिका मिळायची नाही.

ओळखपत्राचा घोळही आत्ताच समजून घे. वेस्टमिन्स्टरसाठी आता फोटो असलेलं ओळखपत्र लागतं. २०२४ ची सार्वत्रिक निवडणूक ही तशी पहिली, आणि त्यात भारतीय पासपोर्ट चालतो. हॉलिरूड आणि कौन्सिलला ओळखपत्र लागत नाही. हॉलिरूडला दोन मतपत्रिका मिळतात, एक मतदारसंघाची आणि एक विभागातल्या पक्षांच्या यादीची, दोन्हींवर एकेकच फुली. कौन्सिलला फुली नाही, पसंतीचे १, २, ३ आकडे. बोटाला शाई नाही, मशीन नाही, बीप नाही. पुठ्ठ्याच्या आडोशात दोरीनं बांधलेली शिसपेन्सिल असते, झालं. पहिल्यांदा मलाही वाटलं होतं, एवढंच?

आता रूममेटचं. बहुरूपी तो, जो दुसऱ्याचं सोंग घेऊन दारोदार फिरतो. तू या गावात भाडं भरतोस, इथल्या बसनं फिरतोस, सर्दी झाली की इथल्याच डॉक्टरकडे जातोस, आणि त्या गावाचा कारभार कोणी करावा हे सांगायला निघालायस. सोंग कसलं यात? २०१६ साली आमदार हमझा युसुफ यांनी हॉलिरूडमध्ये शेरवानी आणि खाली किल्ट अशा पोशाखात उर्दूत शपथ घेतली. २०२३ मध्ये तेच स्कॉटलंडचे फर्स्ट मिनिस्टर, म्हणजे आपल्याकडच्या मुख्यमंत्र्यासारखे, झाले. त्यांचं राजकारण तुला पटो न पटो, त्या पोशाखाला इथे कोणी सोंग म्हणालेलं माझ्या कानावर नाही. शीख मंडळींनी तर स्वतःचं सिंग टार्टन, म्हणजे किल्टच्या कापडाचा चौकड्यांचा ठरावीक नमुना, करून घेतलंय. टार्टनला घराणं लागतं हा बराचसा दुकानदारांचा पसारा. ब्लॅक वॉच, हंटिंग स्टुअर्ट यांसारखी टार्टन कोणीही घालतं.

मावसभावाचा मुद्दा मात्र हसण्यावारी नेऊ नकोस, कारण तो निम्मा खरा आहे. २३ सप्टेंबर १८०३, असई. आपल्या जालना जिल्ह्यातलं गाव. शिंदे आणि नागपूरकर भोसल्यांच्या फौजेसमोर इंग्रज सेनापती वेलस्लीच्या बाजूनं हायलँडच्या, म्हणजे स्कॉटलंडच्या डोंगराळ उत्तरेच्या, दोन पलटणी उभ्या होत्या, ७४ वी आणि ७८ वी. त्यातली ७४ वी शिंद्यांच्या तोफांपुढे जवळजवळ संपली. हे तुला ठाऊक असलेलं बरं. पण त्या पलटणीत आलेला माणूस कोण होता, हे मावसभावाला ठाऊक नसावं, आणि माझ्या मते सगळा मामला तिथेच आहे.

१७४६ च्या एप्रिलमध्ये कलोडनच्या लढाईत हायलँडचं बंड मोडलं, आणि त्याच वर्षी लंडनच्या संसदेनं कायदा केला की पुरुषांनी नि पोरांनी हायलँडचा पोशाख घालायचा नाही. पहिल्यांदा सापडला तर सहा महिने कैद, दुसऱ्यांदा सापडला तर सात वर्षं सागरापार हद्दपारी. सूट एकाला, सैन्यात भरती होणाऱ्याला. म्हणजे बापजाद्यांचा कपडा उघडपणे अंगावर घालायचा तर राजाची बंदूक खांद्यावर घ्यायची. बंदी १७८२ साली उठली, पण तोवर पस्तीसेक वर्षं निघून गेली होती आणि किल्ट म्हणजे पलटण हे समीकरण पक्कं झालं होतं. असईला आलेला शिपाई या वळणावरून आला होता. त्यानं आपली माणसं मारली हे खरंच, त्याला मी धुऊन काढत नाही. पण त्याच्या गावात त्याला मत होतं का? नव्हतं. १८३२ पूर्वी सबंध स्कॉटलंडमध्ये मतदार होते जेमतेम साडेचार हजार.

१७८२ आणि १८३२ यांच्या मधे एक तमाशा झाला, तोही सांगतो. १८२२ साली राजा चौथा जॉर्ज एडिंबरात आला. कादंबरीकार सर वॉल्टर स्कॉटनं स्वागताचा असा घाट घातला, की शहरातले भले भले, ज्यांच्या आज्यानं कधी हायलँडचा डोंगर चढला नसेल, तेही टार्टनमध्ये दाखल झाले. खुद्द राजेसाहेब लाल स्टुअर्ट टार्टनच्या किल्टमध्ये, खाली कातडीच्या रंगाचे तंग मोजे, आणि देह काय सांगावा! नंतर चित्रकार विल्कीनं चित्रात त्यांना बराच बारीक केला. तू आज दुकानात बघशील तो झकपक किल्ट बहुतेक त्या पंधरवड्याची कृपा. आणि नेमक्या त्याच काळात हायलँडमधले जमीनदार कुळांना घराबाहेर काढून तिथे मेंढ्या सोडत होते. कपडा दरबारात पोचला आणि कपड्याचा धनी बोटीवर चढून कॅनडाच्या वाटेला लागला.

त्यातून जे कूळ मागे राहिलं, त्याला मत कधी मिळालं? १८८४ साली. त्याआधी १८७२ मध्ये गुप्त मतदान आलं, नाहीतर जमीनदाराच्या कारभाऱ्यासमोर तोंडानं सांगायचं, मी अमक्याला. १८८५ ला मत हातात आल्या आल्या या कुळांनी आपल्या बाजूचे उमेदवार निवडून दिले, आणि पुढच्याच वर्षी, १८८६ ला, कायदा झाला की रीतसर खंड भरणाऱ्या कुळाला जमिनीवरून सहज हुसकता यायचं नाही. वर्षाच्या आत, बघ! आपल्याकडच्या कूळकायद्याच्या गोष्टी तू आजोबांकडून ऐकल्या असशील, तेव्हा याचं मोल तुला वेगळं सांगत नाही.

म्हणून सांगतो, किल्ट परत मिळाला १७८२ ला आणि मत मिळालं १८८४ ला. मधे शंभरावर वर्षं. किल्ट घालून मत देणं ही काही पुराणकाळापासूनची रीत नाही, आणि पलटणीच्या किल्टशी तर तिचा उभा दावा आहे. मावसभावाला यातलं हवं तेवढं सांग. त्याला पटलं नाही तरी चिडू नकोस. असईजवळच्या माणसाला चिडायचा हक्क आहे.

आता पक्षाचं. किल्ट घातला म्हणजे स्वतंत्र स्कॉटलंडवाला, असं तुला कोणी सांगेल. खोटं आहे. १८ सप्टेंबर २०१४ च्या स्वातंत्र्याच्या सार्वमताला ८४.६ टक्के मतदान झालं, ‘नको’ म्हणणारे ५५.३ टक्के निघाले, आणि त्या दिवशीच्या रांगांमध्ये किल्टवाले दोन्हीकडचे होते. तरी लोक तर्क करणारच. केंद्राबाहेर पक्षांची माणसं छातीला रंगीत फितीचं फूल लावून उभी असतात, तुझा मतदार नंबर विचारतात. तुझा किल्ट बघून त्यातला एखादा तुला आपलाच समजून लगट करेल. नंबर सांगायचं बंधन तुझ्यावर नाही. हसून पुढे जा. किल्टवर, जाकिटावर कुठलाही बिल्ला लावू नकोस. एवढं माझं ऐक. त्या दिवशी तो सणाचा कपडा आहे, झेंडा नव्हे. कोणाला मत द्यायचं हे तू मला विचारलं नाहीस, त्याबद्दल शाबासकी. विचारलं असतंस तरी सांगितलं नसतं.

घालायचं कसं, हे आता नीट वाच, कारण इथे हसं होतं. पुरा किल्ट म्हणजे साधारण आठ वार लोकर. आजीच्या नऊवारीला वारभरच कमी, फक्त निऱ्या सगळ्या मागे. पुढचा भाग सपाट राहिला पाहिजे. मागच्या निऱ्या पुढे आणलेला एक पाहुणा मी लग्नात पाहिलाय, वऱ्हाड अजून आठवण काढतं. पट्टा जीन्ससारखा कंबरेच्या खाली नाही, बेंबीच्या रेषेत. खालची कड गुडघ्याच्या वाटीच्या मध्यावर. वरच्या पदराची मोकळी कड तुझ्या उजव्या हाताला येते, आणि पिन फक्त त्या वरच्या पदरात टोचायची. दोन्ही पदर मिळून टोचलीस तर चालताना कापड ओढलं जाऊन फाटतं, आणि भाड्याचा असेल तर अनामत गेली. किल्टला खिसा नसतो, म्हणून पुढे स्पोरन, म्हणजे लटकता बटवा. बकलाखाली चार बोटं सोडून तो लटकव, आणि पासपोर्ट लागणार असेल तर त्यात मावतो का हे आदल्या रात्री बघून ठेव. दारात उभं राहून मांडीवर स्पोरन उपसणारी माणसं रांग अडवतात. बसताना मागच्या निऱ्यांवरून हात फिरवून बस.

लग्नातलं चांदीच्या बटणांचं छोटं जाकीट आणि घोट्यापर्यंत नाड्या गुंडाळायचे बूट नकोत. गुरुवारच्या सकाळी शाळेच्या हॉलमध्ये तू वाट चुकलेला नवरदेव दिसशील. साधा गडद स्वेटर, जाड लोकरीचे मोजे, रोजचे बूट. मोज्यात खोचतात ती छोटी सुरी, स्किअन डू, ती घरीच ठेव. राष्ट्रीय पोशाखाचा भाग म्हणून कायद्यात तिला जागा आहे, पण केंद्र बहुधा शाळेत असतं, आणि शाळेच्या दारात सुरीवरून हुज्जत घालायला तू वकील नाहीस.

आणि हो, आत काय घालायचं हा प्रश्न तुला विचारला जाईलच. ओळखीचे विचारतील, अनोळखीही विचारतील, एखादी सत्तरीची आजी सगळ्यांत आधी विचारेल. उत्तर द्यायचं नाही, नुसतं हसायचं. मला विचारशील तर चांगली जाड चड्डी घाल. मे महिना असला तरी क्लाइड नदीवरून येणारा वारा कोणाची भीड ठेवत नाही.

फोटो बाहेर काढ, केंद्राच्या पाटीखाली. आत फोन खिशात, म्हणजे स्पोरनमध्ये. खूण केलेली मतपत्रिका तर कोणालाही दाखवायची नाही, आईलासुद्धा नाही. केंद्र सकाळी ७ ते रात्री १० उघडं असतं. संध्याकाळी प्यायला जाणार असशील तर मत आधी दे.

विकत घेऊ नकोस इतक्यात. चांगला शिवलेला किल्ट महाग असतो, आणि तुझी कंबर अजून बदलायची आहे. माझ्याकडे हंटिंग स्टुअर्ट पडून आहे, हिरवट, डोळ्यात न भरणारा. पट्ट्याला तीन भोकं आहेत, आतल्या भोकावर तुला बसावा. तू अंगानं फारच बारीक असलास तर काकू दोन टाके घालेल, ती म्हणालीय. शनिवारी ट्रेननं एडिंबराला येऊन घालून बघ, जेवायलाच ये. त्याआधी आज रात्री नोंदणी कर आणि झाल्याचं मला कळव. तेवढं कळल्याशिवाय किल्ट कपाटातून काढणार नाही.

तुझा,
काका