सत्तेचाळीसचे चौऱ्याहत्तर का होतात?

प्रश्न वाचकांचे. या वेळी : कामगार वस्तीतल्या शाळेत गणित शिकवणे

प्रश्न : बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे, विषय गणित. गाव अक्कलकोट तालुक्यात. जिल्हा परिषदेच्या किंवा सोलापुरातल्या कामगार वस्तीतल्या शाळेत गणित शिकवायचं आहे. टीईटी (शिक्षक पात्रता परीक्षा) द्यायची की टेट (शिक्षक अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी), इथेच गाडी अडली आहे.

उत्तर : आधी बी.एड. दोन वर्षांचं, प्रवेश सीईटीतून. अध्यापन पद्धती निवडताना गणिताबरोबर विज्ञान घ्या. सहावी ते आठवीला गणित-विज्ञान अशी जोडीनेच जागा निघते.

टीईटी ही पात्रता, टेट ही गुणवत्ता : पहिली पास व्हायची, दुसरीच्या गुणांवर निवड ठरते. सहावी ते आठवीला शिकवायचं तर टीईटीचा दुसरा पेपर लागतो : १५० गुण, त्यांतले ६० गणित-विज्ञानाचे, उरलेले बालमानसशास्त्र आणि दोन भाषांचे. पास व्हायला ६० टक्के, राखीव प्रवर्गाला ५५. गणिताची मुलं इथे गणितात पडत नाहीत, भाषेत पडतात. व्याकरण महिनाभर आधी काढा. नववी-दहावीला टीईटी लागत नाही, पण टेट सगळ्यांनाच. टेटमध्ये १२० मिनिटांत २०० प्रश्न, म्हणजे प्रश्नाला ३६ सेकंद. अवघड गणितापाशी रेंगाळलात की गेलात. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, तेव्हा कोरा प्रश्न ठेवू नका.

टेट झाली की शिक्षक भरतीच्या पवित्र पोर्टलवर नोंदणी, स्वप्रमाणपत्र, मग जाहिराती पाहून प्राधान्यक्रम. प्राधान्यक्रम भरून लॉक करायला विसरणं ही दर भरतीतली हमखास चूक. अक्कलकोट आणि दक्षिण सोलापूरकडे कन्नड माध्यमाच्याही शाळा आहेत. जागा माध्यमवार असतात, ती अट अर्ज भरण्याआधी वाचा. निवड झाल्यावर तीन वर्षं शिक्षणसेवक, म्हणजे पगार नाही, मानधन. ते महिन्याला सहावी ते आठवीला १६,०००, नववी-दहावीला १८,०००. घरचा हिशेब त्यावर मांडा.

प्रश्न : सोलापूरच्या पूर्व भागातल्या मराठी शाळेत शिक्षणसेविका आहे. मुलं तेलुगू घरांतली. तिसरीतली हुशार मुलंही ‘सत्तेचाळीस’ ऐकून ७४ लिहितात. दहा-दहा वेळा लिहून घेतलं, फरक नाही.

उत्तर : पडणारच नाही, कारण मूल चुकत नाहीये, ऐकलं तसं लिहितंय. मराठीत एकक आधी येतो : सत्ते, मग चाळीस. तेलुगूत ४७ म्हणजे ‘नलभै येडु’, चाळीस आधी आणि सात नंतर. कन्नडमध्येही ‘नलवत्तेळु’, क्रम तोच. त्या भाषांत अंक ऐकले त्याच ओळीने डावीकडून लिहिता येतात. मराठीत ऐकलेला पहिला अंक शेवटी लिहायचा असतो, आणि हे कुणी सांगितलेलंच नसतं. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात २१ चं ‘वीस एक’ असं वाचन आलं तेव्हा राज्यभर खिल्ली उडाली. तुमच्या वर्गाला मात्र ते हवंच होतं.

पुठ्ठ्याची कार्डं करा : १० ते ९० दशकांची नऊ, सहा सेंटिमीटर रुंद, १ ते ९ एककांची नऊ, तीन सेंटिमीटर रुंद. ४० च्या शून्यावर ७ ठेवला की ४७ दिसतो, उचलला की खाली ४० तसाच. मुलाने आधी घरच्या भाषेत संख्या म्हणत कार्डं ठेवायची, मग ‘चाळीस आणि सात’, शेवटी ‘सत्तेचाळीस’. तेलुगू येत नसेल तर वर्गाकडून शिका, मुलं खुशीने शिकवतात. रोज फक्त सहा संख्या सांगून लिहून घ्या, पण जोडीच्या : ४७ आणि ७४, ३६ आणि ६३. एकोणतीस, एकोणचाळीस वेगळ्या दिवशी. तिथे ‘तीस’ ऐकून ३९ लिहिण्याची चूक निराळी आहे, ‘तीसला एक कमी’ हे नोटांनी दाखवावं लागतं.

प्रश्न : सातवीच्या वर्गात निम्म्यांना हातच्याची वजाबाकी येत नाही. अभ्यासक्रम सोडावा का?

उत्तर : सोडू नका. ३५ मिनिटांच्या तासातली पहिली १२ मिनिटं मागच्या पायाची, उरलेली सातवीची. आधी पाच गणितं द्या : ६८−२३, ५२−१८, ३०५−१२०, ५०२−१७८, १०००−३६४. तपासताना बरोबर-चूक अशी खूण करू नका, उत्तर काय आलंय ते वहीत टिपा.

५०२−१७८ चं उत्तर ३२४. कुणी ४७६ लिहील : त्याने प्रत्येक घरात मोठ्यातून लहान अंक वजा केला, खाली-वर पाहिलंच नाही. कुणी ३३४ लिहील : त्याला हातचा घेता येतो, पण दशकाच्या शून्याचे दहा झाल्यावर त्यातला एक एककाला दिला हे तो विसरला. दोघांना एकच उतारा चालत नाही. पहिल्याला काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे आणि साधं ५२−१८. दुसऱ्याला खोट्या नोटा : शंभराच्या पाच, रुपयाची दोन नाणी, द्यायचे १७८. शंभराची एक मोडून दहाच्या दहा, त्यांतली एक मोडून दहा नाणी. हाती उरतात शंभराच्या चार, दहाच्या नऊ, नाणी बारा. तो ‘नऊ’ त्याने स्वतः मोजला की ३३४ येणं थांबतं. गट तीन आठवड्यांनी बदला, नाहीतर ‘कच्ची मुलं’ हा शिक्का वर्षभर चिकटतो.

सातवीचं गुणोत्तर-प्रमाण मात्र इथे सोपं जातं. हजार विड्यांमागे मजुरी ठरलेली, आईने साडेसहाशे वळल्या, तर किती? घरी पानं कापू लागणाऱ्या मुलीला हा हिशेब तोंडी येतो. तो मांडून कसा लिहायचा एवढंच तिला दाखवायचं असतं.

प्रश्न : ऊसतोडीला जाणारी मुलं दिवाळीनंतर गायब होतात, उन्हाळ्यात परततात. त्यांचं काय?

उत्तर : जाताना शिक्षण हमी कार्ड हातात द्या, म्हणजे तिकडच्या शाळेत बसता येतं. त्यात एक चिठ्ठी घाला : ‘दोन अंकी गुणाकार येतो, भागाकार सुरू केला नाही.’ नव्या शिक्षकाला गुणपत्रकापेक्षा ती ओळ जास्त कामाची. परत आल्यावर वरची पाच गणितं पुन्हा द्या आणि तिथूनच उचला.