बिनहवेचे टायर येईपर्यंत थांबू का?

तुम्ही विचारलंय की मुंबईतल्या खड्ड्यांमुळे टायर सारखे जातात, तर नवे घेण्याऐवजी बिनहवेचे टायर बाजारात येईपर्यंत थांबू का. थांबू नका. टायर झिजले असतील तर पावसाळ्याआधीच बदला.

तुम्हाला ते का हवेसे वाटतात, हे मात्र मला पुरतं कळतं. गेल्या जुलैत जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडवर पाण्याखालचा खड्डा दिसला नाही. उखडलेल्या पेव्हर ब्लॉकच्या कडेने डाव्या पुढच्या टायरची साईडवॉल बोटभर फाटली. साईडवॉलचं पंक्चर निघत नाही, टायर ट्युबलेस असला तरी. भर पावसात मागून डंपर पाणी उडवत जात होते आणि मी जॅक लावत होते. एक नट इतका जाम होता की शेवटी एका रिक्षावाल्या दादांनी पान्यावर उभं राहून तो सोडवला. त्या अर्ध्या तासात मी खरोखर घाबरले होते.

बिनहवेच्या टायरला ही फाटणारी बाजूच नसते. मिशेलिनने 2019 मध्ये जनरल मोटर्ससोबत 'अप्टिस' दाखवला. त्यात रिम आणि बाहेरचा रबरी पट्टा यांच्यामध्ये काचतंतू घातलेल्या रेझिनच्या लवचिक पात्या आहेत. गाडीचं वजन त्याच पेलतात. खिळा घुसला तरी गाडी चालत राहते, स्टेपनी लागत नाही.

तेव्हा कारसाठी 2024 चं लक्ष्य सांगितलं होतं. ते वर्ष गेलं, तरी आपल्याकडे दुकानात जाऊन असा सेट घालून घेता येत नाही. मुख्य अडचण वेगाची. ताशी 100 किलोमीटरला साधारण कारचं चाक सेकंदाला चौदा-पंधरा वेळा फिरतं, म्हणजे प्रत्येक पाती तितक्या वेळा वाकते आणि सरळ होते. त्यातून उष्णता होते, आवाज आणि थरथर वाढते. सायनच्या ट्रॅफिकमध्ये हे जाणवणारही नाही, समृद्धीवर मात्र तासन्‌तास सहन करावं लागेल.

दुसरी गोष्ट लोक विसरतात. ड्रायव्हरच्या दाराजवळचा स्टिकर बघा. बऱ्याच गाड्यांवर हवेचे दोन आकडे असतात, एक कमी माणसांसाठी, दुसरा भरलेल्या गाडीसाठी. गणपतीत पाच जण आणि सामान घेऊन कोकणात निघताना आपण हवा वाढवतो. पात्यांचा ताठपणा कारखान्यातच ठरलेला असतो, तो पंपावर कसा बदलणार? शिवाय पात्यांच्या फटींत चिखल आणि खडी अडकली की चाकाचा तोल जातो, आणि आपल्याकडे चार महिने तेच असतं.

माझं मत असं, की हे टायर आधी विजेवरच्या डिलिव्हरी व्हॅनना मिळावेत. त्या शहरातच फिरतात, वेग कमी, आणि पंक्चर झालं की त्या माणसाचा दिवस बुडतो. सिंगापूरमध्ये डीएचएलने आपल्या व्हॅनना अप्टिस लावून पाहिलेच आहेत.

तोवर एक कराच. पंक्चरवाल्याकडे हवा भरताना डिकीतली स्टेपनीही बाहेर काढायला लावा. त्या दिवशी माझ्या स्टेपनीत निम्मीच हवा होती; पवईच्या पेट्रोल पंपापर्यंत मी जीव मुठीत धरून गाडी नेली.