कोयना-वारणेचे धक्के नोंदवायचेत? इथून सुरू करा

कोयना-वारणा भागातल्या भूकंपांची स्वतः नोंद ठेवायची म्हणताय, उत्तम विषय घेतलात. आधी राष्ट्रीय भूकंपविज्ञान केंद्राच्या यादीतून तारीख, वेळ, अक्षांश-रेखांश, खोली आणि परिमाण एवढेच रकाने उतरवा. नवखे हमखास चुकतात ते इथे:

- परदेशी याद्यांत बहुधा जागतिक वेळ असते. साडेपाच तास मिळवा, नाहीतर एकच धक्का दोनदा मोजाल.
- परिमाण (मॅग्निट्यूड) म्हणजे उगमाशी सुटलेल्या ऊर्जेचं माप, जाणवलेली तीव्रता नव्हे. परिमाण एकाने वाढलं की ऊर्जा सुमारे ३२ पट.
- खोली वारंवार नेमकी १० किमी दिसली, तर ती बहुधा गृहीत धरलेली असते.

कोयना धरणाची पाणीपातळी शेजारी लिहाच. पावसाळ्यात जलाशय भरल्यावर आणि पुढे पाणी उतरताना इथले धक्के वाढतात. १९६७चा मोठा भूकंप डिसेंबरातलाच. पण आठवड्यात धक्के वाढले म्हणून ‘मोठा येणार’ असं कुणालाही कळवू नका. बी-व्हॅल्यू (लहान धक्क्यांच्या तुलनेत मोठे किती, हे सांगणारा आकडा) वगैरे वर्षभराची नोंद जमल्यावर बघू.